२६ जानेवारीची संध्याकाळ आणि ते ‘दोन शब्द’

आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा २६ जानेवारीला संध्याकाळी, जवळच्या पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये भरतो. सकाळचं झेंडावंदन झालेलं असतं, पताका लावलेल्याच असतात, विस्कटलेली रांगोळी तेवढी आम्ही पुन्हा नीट करतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन, जमाखर्चाला मंजुरी हे सगळं रीतीप्रमाणे होतं. ते कुठल्याही मंडळात होतं तसंच होतं, म्हणून त्याबद्दल फार लिहीत नाही. मी बरीच वर्षं या मंडळाची चिटणीस होते. हजेरीची वही अजूनही माझ्याच कपाटात आहे. ती उघडून बसले की पाहुण्यांची भाषणं आठवत नाहीत. सत्कारमूर्तींची मात्र जशीच्या तशी आठवतात. ‘दोन शब्द बोला’ म्हणून आम्ही ज्यांना आग्रह करतो आणि जे बहुतेक वेळा आयुष्यात पहिल्यांदाच माईकसमोर उभे राहतात, त्यांची.

ही पद्धत कशी पडली ते नव्या लोकांना माहीत नाही, म्हणून सांगते. मी लग्न होऊन १९८८ मध्ये डोंबिवलीत आले, पूर्वेला. महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झाली होती. तेव्हा ती नुसती कल्याणची महानगरपालिका होती, तिच्या नावात डोंबिवली नंतर आलं, आणि आमच्या पिढीच्या मनाला ते बरीच वर्षं लागून राहिलं होतं. त्या काळात नगरसेवक नव्हतेच. पहिली निवडणूक झाली ती १९९५ मध्ये, तोपर्यंत कारभार प्रशासकांकडे. त्यामुळे मंडळ सुरू झालं आणि पहिला मेळावा ठरला, तेव्हा बैठक अडली ती ‘प्रमुख पाहुणे कोण?’ या एकाच मुद्द्यावर. कोणी म्हणालं बँकेचे मॅनेजर, कोणी म्हणालं मुंबईहून एखादे नाटकातले कलाकार मिळतात का बघू. आमच्या मंडळाचे संस्थापक म्हणजे एक निवृत्त शिक्षक. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो. ते इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपल्या नळाची चावी ज्याच्या हातात आहे, त्याला बोलवू या.”

पाणी सोडणारे भाऊ आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बायको आणि दोन मुलींना घेऊन. शाल-श्रीफळ झालं. गुरुजींनी माईक पुढे केला तर ते दोन पावलं मागे सरकले. बोलायला लागले तेव्हा आवाज इतका बारीक होता की मागच्या रांगेतले लोक उठून पुढे येऊन खाली बसले. त्यांनी सांगितलं की पाणी उल्हास नदीतून मोहिलीला उचलतात, नेतिवलीला शुद्ध करतात, तिथून ते टाकीत चढतं आणि मग त्यांची ड्युटी सुरू होते. कोणत्या व्हॉल्व्हला किती आटे द्यायचे ते वहीत लिहिलेलं नसतं, हाताला कळतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बैठं घर होतं, तिथे दाब पुरायचा नाही. “त्या घरात एक म्हातारी आजी एकटी राहते. तिथं पाणी पोचलं की ती खिडकीत दिवा लावते. तो दिवा दिसला की मग मी चावी काढतो,” असं ते म्हणाले. पहाटे साडेतीनची वेळ असायची पाण्याची. आम्ही त्याच पाण्यासाठी उठायचो, बादल्या लावायचो, कमी आलं की चिडायचो. त्या दिव्याची गोष्ट मात्र आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हती. त्या आजी हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

तेव्हापासून दरवर्षी एक सत्कार पालिकेत किंवा आपल्या वस्तीसाठी राबणाऱ्या माणसाचा, हे ठरूनच गेलं. १९९५ नंतर नगरसेवक येऊ लागले, चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीमुळे एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या होत्या, त्याचं आम्हा बायकांना फार अप्रूप होतं. मेळाव्यात प्रश्नोत्तरांचा तास सुरू झाला. प्रभाग समिती म्हणजे काय, रस्त्याचं काम कोणत्या लेखाशीर्षातून निघतं, अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे जायच्या आधी आपली मागणी कशी पोचवायची, हे आम्ही त्या तासात शिकलो. पण पाहुणे वाढले तशी भाषणंही वाढली आणि सत्कारमूर्तींचे दोन शब्द मागे मागे ढकलले गेले. एका वर्षी ते हळदीकुंकवानंतर आले. वाण मिळालं तशा बायका उठल्या, त्यांच्यामागे मुलं उठली, आणि पालिकेच्या बागेचे माळीकाका अर्ध्या रिकाम्या हॉलपुढे बोलले. त्यांनी तक्रार केली नाही. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

पुढच्या बैठकीत मी भांडले. सत्काराचं भाषण दुसऱ्याच क्रमांकाला, अहवालाच्याही आधी, आणि हळदीकुंकू सगळ्यात शेवटी, असा ठराव मी मांडला. तेव्हाचे अध्यक्ष नाराज झाले. पाहुण्यांना ताटकळत बसवायचं का, असं म्हणाले. मतदान झालं आणि ठराव दोन मतांनी निसटता मंजूर झाला. गुरुजींच्या पत्नी, ज्यांना आम्ही बाई म्हणायचो, त्यांचं मत त्यातलं एक होतं. बाईंचा आणखी एक आग्रह असायचा. हळदीकुंकवाला हॉलमधल्या प्रत्येक बाईला बोलवायचं, कोण सवाष्ण आणि कोण नाही हे बघायचं नाही. पहिली दोन-तीन वर्षं कुजबुज झाली. बाई स्वतः करंडा घेऊन दारात उभ्या राहायला लागल्या, मग कुजबुज थांबली.

२००६ च्या जानेवारीतलं भाषण मी विसरणं शक्य नाही. २६ जुलै २००५ च्या पावसाला तेव्हा सहाच महिने झाले होते. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल जिथल्या तिथे थांबल्या. आमच्या कॉलनीतले कितीतरी लोक ऑफिसातून निघून दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी घरी पोचले. मी स्वतः रुळांवरून चालत आलेल्यांपैकी एक. त्या वर्षी आम्ही सफाई खात्यातल्या एका मुकादमांना बोलावलं. ते उंच, जरा रागीट चेहऱ्याचे. बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, मी भाषण नाही करणार, माझ्या माणसांची नावं घेणार. आणि त्यांनी आपल्या बीटवरच्या एकेका कामगाराचं नाव घेतलं. पाणी ओसरल्यावर कोण कुठल्या नाल्यात उतरलं, कोणी मेलेली जनावरं उचलली, कोणाचं स्वतःचं घर बुडालेलं असताना तो सकाळी सहाला हजेरी शेडवर आला. नाव, काम, पुढचं नाव. शेवटी त्यांनी शाल खांद्यावरून काढली, घडी केली आणि म्हणाले, ही शेडमध्ये ठेवतो, सगळ्यांची आहे. टाळ्या वाजायला वेळ लागला, कारण कोणाला हात हलवायचंच सुचत नव्हतं.

हजेरीबद्दल मात्र मला बोललंच पाहिजे, मग कोणी रागावलं तरी चालेल. पाणी एक दिवस आलं नाही तर ग्रुपवर सकाळी सहापासून संदेश सुरू होतात. रस्त्यावर खड्डा पडला की फोटो येतात, मंडळ काय करतंय असं विचारलं जातं. त्याच लोकांना वर्षातून एका संध्याकाळी दोन तास बसायला होत नाही. सुट्टीमुळे गाड्या रविवारच्या वेळापत्रकाने धावतात, पाहुणे आलेत, मुलाची परीक्षा आहे. २०२४ मध्ये २६ जानेवारी शुक्रवारी आली. तीन दिवस जोडून सुट्टी मिळाल्यावर निम्मी कॉलनी कोकणात गेली, आणि त्या वर्षी सत्कार होता अग्निशमन दलातल्या एका जवानाचा, ज्यांनी आमच्याच एका इमारतीतल्या कुटुंबाला धुरातून बाहेर काढलं होतं. त्या इमारतीतली किती माणसं आली होती ते माझ्या वहीत आहे. इथे लिहीत नाही. पण तो तरुण बोलताना सारखा दाराकडे बघत होता, कोणाची तरी वाट बघितल्यासारखा, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

आणि २०२१. तो मेळावा हॉलमध्ये झालाच नाही. शाळेच्या पटांगणात लांब लांब खुर्च्या टाकल्या, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, हळदीकुंकू रद्द, तिळगुळाच्या बंद पुड्या. सर्वसामान्यांसाठी लोकल अजून सुरू झाली नव्हती. लस यायला नुकती सुरुवात झाली होती, तीही आरोग्य कर्मचाऱ्यांपुरती. नोव्हेंबर २०२० मध्ये पालिकेची मुदत संपून पुन्हा प्रशासक आले होते. १९८९ सालच्या मेळाव्यासारखंच, नगरसेवकांसाठी खुर्ची न मांडता आम्ही कार्यक्रम सुरू केला. सत्कार होता आमच्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या ताईंचा. त्या विठ्ठलवाडीला राहतात. टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत वाहन मिळेना तेव्हा त्या चालत यायच्या आणि चालत जायच्या.

त्यांनी मास्क काढला नाही, त्यामुळे नुसते डोळे दिसत होते. म्हणाल्या, “मी इथं अठरा वर्षं झाडते. त्या दिवसांत रस्त्यावर कोणी नव्हतं. सगळे आपापल्या खिडकीत. मी झाडायची आणि वरून सगळे बघायचे. मला लाज वाटायची पहिल्यांदा. मग एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरून एका लहान मुलानं हाक मारली आणि विचारलं, मावशी, तुमचं नाव काय? मी नाव सांगितलं. दुसऱ्या दिवसापासनं तो रोज नावानं हाक मारायचा. अठरा वर्षांत इथं पहिल्यांदा कोणी नाव विचारलं.” एवढंच बोलून त्या बसल्या.

मी त्यांना रोज बघत होते. दिवाळीला हातात पाकीट देत होते. मीही कधी नाव विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी वही त्यांच्यापुढे धरली, त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरून सही केली. ते नाव वहीत आहे. छापायला त्यांची परवानगी विचारलेली नाही, म्हणून इथे देत नाही. तो मुलगा आता शाळेच्या वरच्या वर्गात गेला आहे आणि मेळाव्याला येतो. पुढे बसतो.

आता ज्यांच्याशिवाय एकही मेळावा पार पडला नसता, त्यांच्याबद्दल. एका वर्षी आभारप्रदर्शनात तिळगूळ करणाऱ्या एका काकूंचा उल्लेख माझ्याकडून राहिला. काकू त्यानंतर दोन वर्षं आल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी मी घरी जाऊन त्यांचे पाय धरले, तेव्हा आल्या. त्या दिवसापासून वहीच्या शेवटच्या पानावर मी यादी आधीच करते आणि तीनदा तपासते. तर: खुर्च्या आणि सतरंज्या भाडं न घेता देणारे मंडपवाले आणि आता त्यांचा मुलगा. ध्वनिक्षेपकवाले मामा, ज्यांनी एका वर्षी स्वतःच्या घरच्या कार्यक्रमाची वेळ बदलली. निमंत्रणपत्रिका छापून देणारे आणि शुद्धलेखनाच्या चुका स्वतःहून दुरुस्त करणारे प्रेसवाले. वाण आणायला दरवर्षी बाजारात जाणाऱ्या त्या दोघी जावा, ज्यांच्या हिशेबात कधी एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. तिळगूळ करणाऱ्या सगळ्या, आणि त्यात त्या काकू पहिल्या. रांगोळी काढणाऱ्या तिघी, त्यातली एक आता पुण्याला असते पण त्या दिवसासाठी येते. वयस्कर माणसांना घरून आणून परत सोडणारे रिक्षावाले दादा, त्यांनी मीटर कधी टाकलं नाही. मागच्या रांगेत बी. पी. चं यंत्र घेऊन बसणाऱ्या डॉक्टर. खजिनदार, जे जमाखर्च पाठ म्हणून दाखवतात. घरोघर फोन करून आठवण देणारी मुलं, आणि शेवटी खुर्च्या रचणारीही तीच. पताकांची शिडी धरणारे वॉचमन. गुरुजी आणि बाई आता नाहीत. त्यांच्या दोन खुर्च्या पहिल्या रांगेत असतात आणि कोणी न सांगता त्या रिकाम्या राहतात.

शाळेचे शिपाईमामा राहिले. राहिले म्हणजे विसरले नाही, मुद्दाम शेवटी ठेवले. सकाळी झेंडावंदन आटोपून ते घरी जातात, आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी केवळ आमच्यासाठी पुन्हा येऊन हॉल उघडतात. माठ भरून ठेवतात, पंखे चालू करून बघतात, सगळे गेल्यावर दिवे घालवून कुलूप लावतात. इतक्या वर्षांत त्यांनी भाषणं ऐकली ती दारात उभं राहून, किल्ल्यांचा जुडगा हातात धरून. सत्कारासाठी आम्ही त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी हात जोडले आणि एकच उत्तर दिलं, “मी वर बसलो ताई, तर खाली दार कोण सांभाळणार?”

यंदा मुलांनी ठरवलंय की त्या संध्याकाळी दारात आळीपाळीने तेच उभे राहणार. किल्ल्या मागायला मामांकडे मी जाणार आहे.