तोफ लांब मारते, पण बघतं कोण?

पुरंदरच्या माचीवरून पूर्वेला बघितलं की भैरवखिंडीपलीकडे वज्रगड दिसतो. पुरंदरच्या बालेकिल्ल्यापेक्षा तो ठेंगणा आहे, पण पुरंदरची माची तिथून पुरती उघडी पडते. १६६५ च्या एप्रिलमध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाने आधी वज्रगडावर जोर लावला तो एवढ्याचसाठी. अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर आणि हहेली अशा तीन मोठ्या तोफा त्यांनी चढ ओढून वर नेल्या. पहिली जागेवर बसवायलाच तीन दिवस गेले, दुसरीला साडेतीन. बुरूज ढासळला, वज्रगड पडला आणि मुरारबाजींच्या हातातली माची शत्रूच्या समोर आली.

तोफ वर चढवायचा एवढा खटाटोप का? कारण तेव्हा तोफ आणि तिचा डोळा एकाच जागी असत. गोलंदाजाला जे दिसे तेवढंच मारता येई. पुढच्या साडेतीनशे वर्षांतला तोफखान्याचा इतिहास म्हणजे हा डोळा तोफेपासून सुटून हळूहळू लांब जाण्याचा इतिहास आहे. नव्या शस्त्राची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, पल्ला किती? अठ्ठेचाळीस किलोमीटर, पंचाहत्तर किलोमीटर. पल्ला महत्त्वाचा आहेच. पण तेवढ्या लांबचं लक्ष्य कुणाला दिसलं, ते तोफेपर्यंत किती वेळात पोचलं आणि पहिला गोळा चुकल्यावर दुरुस्ती कुणी सांगितली, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

सिंहगडाचा १८१८ चा वेढा घ्या. इंग्रज सेनानी प्रिट्झलरच्या फौजेला खालून वरचं काही धड दिसत नव्हतं. कड्यावरच्या तटावर नुसत्या सरळ माऱ्याने भागणारं नव्हतं, म्हणून उखळी तोफाही लावल्या. या आखूड नळीच्या तोफा गोळा उंच फेकतात आणि तो तटावरून आत पडतो. नळीचा कोन बहुधा ४५ अंशांवर पक्का असे आणि अंतर दारूच्या मापाने कमीजास्त करत. गोळ्याच्या तोंडात लाकडी फ्यूज ठोकलेला असे. गोळा हवेत किती सेकंद राहील याचा अंदाज बांधून तो तेवढा कापायचा. आखूड कापला तर गोळा वाटेतच फुटायचा, लांब राहिला तर आत पडून नुसता धुमसत राहायचा आणि कुणी धीट शिपाई त्यावर पाणी ओतून तो विझवायचा. चौदाशेवर उखळी गोळे आणि दोन हजारांवर अठरा पौंडी गोळे खर्ची पडल्यावर गडकऱ्यांनी तह केला. एक गड घ्यायला एवढा दारूगोळा लागतो, कारण आत गोळा नेमका कुठे पडला हे मारणाऱ्याला कळत नव्हतं.

न दिसणाऱ्या लक्ष्यावर हिशेबाने मारा करण्याची पद्धत रशिया-जपान युद्धात, म्हणजे १९०४-०५ मध्ये, रुळली आणि पहिल्या महायुद्धात ती शास्त्र झाली. तोफ टेकडीआड, निरीक्षक पुढे, मध्ये टेलिफोनची तार. निरीक्षक सांगणार, ‘दोनशे कमी, पन्नास डावीकडे.’ ही भाषा तोफखान्यात आजही जवळपास तशीच आहे. कोन अंशांत न मोजता मिलमध्ये मोजतात. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल, म्हणजे एक मिल चुकला तर एका किलोमीटरवर गोळा सुमारे एक मीटर बाजूला जातो. हिशेब तोंडी व्हावा म्हणून ही सोय. पण तीस किलोमीटरवर तीच एक मिलची चूक तीस मीटरची होते, आणि तीस मीटरवरच्या खंदकातला माणूस वाचतो.

दिशेच्या चुकीपेक्षा अंतराच्या चुका जास्त छळतात. प्रोपेलंट, म्हणजे गोळा ढकलणारी दारू, तापलेली असेल तर जलद जळते, नळीतला दाब वाढतो आणि गोळा पुढे जातो. पोखरणच्या उन्हात आणि द्रासच्या थंडीत तोच चार्ज, म्हणजे एका गोळ्यामागचं दारूचं माप, तसाच वागत नाही. म्हणून फायरिंग टेबलमध्ये, म्हणजे माऱ्याच्या हिशेबाच्या कोष्टकात, दारूच्या तापमानाचा वेगळा रकाना असतो आणि चार्ज उन्हात उघडे ठेवायचे नसतात. नळी झिजली की वायू गोळ्याच्या कडेने निसटतात आणि वेग घटतो. तीस किलोमीटरच्या माऱ्यात वेगात एक टक्का फरक पडला तरी गोळा काही शे मीटर मागेपुढे पडतो. म्हणून आधुनिक तोफेवर छोटं रडार बसवून प्रत्येक गोळ्याचा नळीतून सुटतानाचा वेग मोजतात आणि पुढच्या गोळ्याचा कोन त्यावरून सुधारतात.

उरतो वारा. लांब पल्ल्याचा गोळा दहा-बारा किलोमीटर उंच जातो, तिथला वारा जमिनीवर उभ्या माणसाला कळत नाही. त्यासाठी फुगा सोडून थराथरातला वारा आणि तापमान मोजावं लागतं. शिवाजीनगरच्या ज्या हवामान कार्यालयाला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, तिथली विद्या आणि तोफखान्याचा हवामान संदेश ही सख्खी भावंडं आहेत. फुग्याची माहिती जुनी होत जाते तशी अचूकता गळायला लागते. तोफ चांगली, गोळा चांगला, गणित बरोबर, आणि तरी मारा भलतीकडे पडतो, तेव्हा अनेकदा दोष शिळ्या हवामान संदेशाचा असतो.

रॉकेटचं तर अजून अवघड. पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्र संशोधन संस्थेत, विकसित झालेलं पिनाक रॉकेट २१४ मिलिमीटर व्यासाचं. एक लाँचर ४४ सेकंदांत बारा रॉकेट सोडतो, सहा लाँचरची बॅटरी, म्हणजे तुकडी, बहात्तर. साधं रॉकेट लाँचरमधून बाहेर पडतं तेव्हा त्याचा वेग कमी असतो. आडवा वारा लागला की शेपटीचे पंख त्याचं नाक वाऱ्याकडे वळवतात, आणि इंजिन अजून जळत असल्यामुळे ते त्याच दिशेला जोर धरतं. इंजिन विझल्यावर उलट होतं, वारा त्याला आपल्याबरोबर वाहून नेतो. दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेच्या, पण सारख्या मापाच्या नाहीत, त्यामुळे फिटत नाहीत. म्हणून साधं पिनाक हे एका मोठ्या क्षेत्रावर एकदम पाऊस पाडणारं शस्त्र आहे. पुढे नियंत्रित पिनाक आलं. त्याच्या नाकाशी हलणारे छोटे पंख, आत दिशा राखणारी यंत्रणा आणि जोडीला उपग्रहाचा आधार आहे. पल्ला सुमारे अडतीस किलोमीटरवरून पंचाहत्तरपर्यंत गेला. पल्ला दुप्पट झाला याची बातमी होते. त्याहून मोठी गोष्ट ही, की बहात्तर रॉकेटांचं काम आता थोड्यांत होऊ शकतं, म्हणजे मागून येणारे दारूगोळ्याचे ट्रकही कमी होतात.

कारगिलमध्ये डोळ्याचं महत्त्व फार महाग किंमत देऊन कळलं. द्रासच्या वरच्या शिखरांवर बसलेल्या शत्रूच्या निरीक्षकांना खालचा श्रीनगर-लेह रस्ता सरळ दिसत होता, आणि ते पलीकडच्या तोफांना दुरुस्त्या सांगत होते. आपल्याकडे १५५ मिलिमीटरच्या बोफोर्स होत्या, पण समोरची तोफ नेमकी कुठून मारते हे शोधणारं पुरेसं रडार नव्हतं. त्यात पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असते, गोळा टेबलात लिहिल्यापेक्षा पुढे जातो. आणि कडा अरुंद असेल तर पन्नास मीटर पुढे गेलेला गोळा पलीकडच्या दरीत खोल जाऊन फुटतो. धूर दिसत नाही, मग दुरुस्ती कशावरून सांगायची? शेवटी काही बोफोर्स पुढे आणून समोर दिसणाऱ्या शिखरावर सरळ नेम धरून मारा केला. तोफ आणि डोळा पुन्हा एका जागी आले, वज्रगडासारखे. त्यात तोफेवरची माणसं शत्रूच्या नजरेत उघडी होती. त्यांच्या धैर्याचा विचार केल्याशिवाय या तंत्राबद्दल लिहू नये.

त्यानंतर तोफशोधक रडारं आली. आधी परदेशी, मग आपलं स्वाती. हवेतल्या गोळ्याचा मार्ग काही सेकंद पकडायचा आणि तो मागे वाढवून सुटण्याची जागा काढायची. तीस किलोमीटर जाणारा गोळा मिनिटभराहून जास्त वेळ हवेत असतो, म्हणजे तो पडायच्या आधीच उत्तराची तयारी सुरू होऊ शकते. म्हणून आता गोळे टाकून तोफेने लगेच जागा सोडायची असते. आपल्या एटॅग्जसारख्या ओढून न्यायच्या तोफेला स्वतःचं छोटं इंजिन दिलेलं आहे ते यासाठी, ट्रक जोडला जाईपर्यंत ती थोडं अंतर स्वतः सरकते. रडारलाही ही सवलत नाही. ते लहरी सोडतं म्हणून तेही सापडतं. थोडा वेळ चालू, मग बंद, मग दुसरीकडे, असंच ते वापरावं लागतं.

ड्रोनने सगळ्यात मोठा बदल केला तो इथे. स्फोटकं घेऊन आदळणाऱ्या ड्रोनची चित्रफीत सगळे बघतात, पण तोफखान्याच्या दृष्टीने दोन किलोमीटर उंचावर शांत घिरट्या घालणारं, कॅमेरा असलेलं ड्रोन जास्त घातक आहे. दरीत पडलेला गोळा त्याला दिसतो. निरीक्षकाला शिखरावर चढावं लागत नाही. युक्रेनमध्ये जीआयएस आर्टा नावाच्या प्रणालीने हा दुवा अजून आवळला. ड्रोनने पाहिलेलं लक्ष्य नकाशावर येतं, आणि कोणती तोफ जवळ आहे, मोकळी आहे, दारूगोळा राखून आहे हे बघून काम तिला मिळतं. पूर्वी ज्याला वीस मिनिटं लागत ते मिनिट-दोन मिनिटांवर आलं. आपल्या तोफखान्याची ‘शक्ती’ नावाची प्रणाली याच जातीची. अशा प्रणालीत संगणक सहसा अडत नाही, अडतो तो रेडिओ. संदेशवहन तुटलं की सगळं पुन्हा कागद, नकाशा आणि स्लाइड रूलवर येतं, म्हणून हाताने हिशेब करण्याचा सराव सोडता येत नाही.

आणि शत्रू नेमका इथेच घाव घालतो. जीपीएस उपग्रहांचे संकेत सुमारे वीस हजार किलोमीटरवरून येतात आणि जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेले असतात. त्याच वारंवारितेवर जवळून जोरात ओरडणारा जॅमर त्यांना सहज बुडवतो. जीपीएसच्या आधाराने काही मीटरच्या आत पडणारा अमेरिकी एक्सकॅलिबर गोळा युक्रेनमध्ये सुरुवातीला अचूक ठरला, पण रशियन जॅमिंग वाढलं तसा काही महिन्यांत तो नेम धरेनासा झाला. यावर उपाय आहेत. आत जडत्वावर चालणारी दिशायंत्रणा ठेवायची, जॅमरच्या दिशेला बहिरा होणारा अँटेना लावायचा, आणि नाविक ही आपली स्वतःची उपग्रह दिशादर्शन प्रणाली वापरायची. पण नाविकच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही रुबिडियम अणुघड्याळं बंद पडली होती, आणि घड्याळाशिवाय दिशादर्शक उपग्रह निरुपयोगी असतो. पंचाहत्तर किलोमीटरच्या रॉकेटचा नेम असा एका घड्याळावर टांगलेला असू शकतो. रॉकेटवर जेवढं कौतुक खर्च होतं त्याच्या निम्मं तरी या घड्याळांच्या वाट्याला यायला हवं.

ड्रोनच्या बाबतीत जॅमिंगवरचा उपाय जुनाच निघाला, तो म्हणजे तार. मिलानसारखी रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं दशकानुदशकं मागे तार सोडत जात. आता ड्रोन मागे काचेचा बारीक धागा, म्हणजे ऑप्टिकल फायबर, सोडत जातं आणि संदेश रेडिओऐवजी त्यातून जातात. दहा किलोमीटरचं रीळ किलो-दीड किलोचं, तेवढं वजन दुसरीकडून कमी करावं लागतं. धागा झाडात अडकतो, वळताना तुटतो, आणि उन्हात चमकला तर मागोवा घेत शत्रू उड्डाणाच्या जागेपर्यंत पोचतो. सह्याद्रीसारख्या झाडीच्या मुलखात तो शेतमैदानाइतका सुखाने चालणार नाही.

असं ड्रोन शोधायचं कसं? ते रेडिओ सोडत नाही, आकाराने लहान म्हणून रडारलाही नीट दिसत नाही, पण आवाज करतं. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅगने, वयाच्या पंचविसाव्या वर्षी नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने, तोफा आवाजावरून शोधण्याचं काम केलं. सहा मायक्रोफोन काही किलोमीटरच्या ओळीत, प्रत्येकाची जागा नेमकी मोजलेली. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा प्रत्येक मायक्रोफोनला तो किती उशिरा पोचला यावरून तोफेची जागा निघते. आधी साधे मायक्रोफोन फसले. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळ्याचा तडाखा ते पकडत आणि तोफेचा खर्जातला हुंकार त्यांना ऐकू येत नसे. टकर नावाच्या सहकाऱ्याने तापवलेली बारीक प्लॅटिनमची तार वापरली. हुंकाराची झुळूक लागली की तार किंचित थंड होई आणि तिचा विद्युतरोध बदले. तडाखा गाळला गेला, हुंकार उरला. नोव्हेंबर १९१७ मध्ये फ्रान्समधल्या काँब्रेच्या लढाईत इंग्रज तोफखान्याने आधी नेम न जमवता एकदम अचूक मारा केला, त्यामागे या पद्धतीचा मोठा वाटा होता.

शंभर वर्षांनी युक्रेनने हीच कल्पना उलटी फिरवून आकाशाकडे वळवली. खांबांवर मायक्रोफोन आणि साध्या फोनसारखं यंत्र, असे सुमारे दहा हजार संवेदक देशभर लावले, एकाचा खर्च चारशे-पाचशे डॉलर. ड्रोनच्या इंजिनाची घरघर ओळखायची, मार्ग काढायचा आणि तो तोफा लावलेल्या गाड्यांना कळवायचा. भारतात मे २०२५ मध्ये शेकडो ड्रोन एका रात्रीत छत्तीस ठिकाणी आली तेव्हा ४० मिलिमीटरच्या एल-७० विमानविरोधी तोफांनी मोठं काम केलं. तोफ १९६० च्या दशकातली, तिला नवा डोळा बसवलेला.

ही मायक्रोफोनची जाळी आपल्या घाटात लावायची तर ब्रॅगच्या अडचणी जशाच्या तशा परत येतील. पश्चिम आघाडीवर वारा बहुधा इंग्रजांकडून जर्मनांकडे वाहायचा, त्यामुळे समोरून येणारा आवाज वर उचलला जाऊन मायक्रोफोनवरून निघून जायचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीत वारा, पाऊस आणि कड्यांचे प्रतिध्वनी एकत्र येतात. दरीतला मायक्रोफोन एकच ड्रोन दोनदा ऐकेल, एकदा थेट आणि एकदा समोरच्या कड्यावरून. संवेदक दरीत न लावता सोंडांवर, एकमेकांच्या जवळ आणि वाऱ्याला आडोसा करून लावावे लागतील, आणि पावसाळ्यात त्यांच्या जोडीला उष्णता पाहणारे कॅमेरे लागतीलच.