भाड्याचा फ्लॅट, भिंतीची ओल आणि चार वेळा बंद केलेली तक्रार (माझा अनुभव)

भाड्याने फ्लॅट घेताना काय काय बघायचं हे सांगणारे भरपूर जण भेटतात, पण भिंतीवर हात फिरवून बघ असं मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय. आमच्या बेडरूमची भिंत गेल्या आठवड्यात शेवटी कोरडी झाली. पहिल्या तक्रारीपासून साडेसात महिने लागले. प्लंबरचं काम फक्त ३ दिवसांचं होतं. मग भिंत सुकायला वेळ गेला तो समजू शकते, पण त्याआधीचे सगळे महिने "ही ओल वरून येतेय" एवढी एक गोष्ट कॉम्प्लेक्सच्या मेंटेनन्स ऑफिसला पटवण्यात गेले आणि तो राग अजून उतरलेला नाही.

कॉम्प्लेक्स मोठं आहे, सगळे फ्लॅट एकाच कंपनीचे, राहणारे सगळे भाडेकरू. म्हणजे घरमालक असा कुणी माणूस नाही, जे काय असेल ते ऑफिस आणि त्यांचं ॲप. शोधाशोध, कागदपत्रं, करार, सामान आणणं यात काहीच अडलं नाही. पार्किंग व्यवस्थित, लिफ्ट चालू, शेजारी चांगले.

फ्लॅट आम्ही भर दुपारी बघितला, उजेड छान होता आणि बेडरूममध्ये ताज्या रंगाचा वास येत होता, मला उलट बरंच वाटलं की चला, रंग देऊन ठेवलाय. खरं तर एकाच भिंतीचा वरचा भाग रंगवलेला होता, बाकी खोलीचा रंग जुनाच. "फक्त हीच भिंत का रंगवली?" हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता. तुम्ही नक्की विचारा. आणि जमलं तर पाऊस पडून गेल्यावर एकदा फ्लॅट बघा, कपाटांच्या मागे बघा, बाथरूमला लागून असलेल्या भिंतींवर हात ठेवून बघा.

राहायला आल्यावर दोन महिन्यांनी त्याच जागी रंगाला फुगे आले, मग पोपडे सुटायला लागले आणि खाली फरशीवर पांढरी पावडर पडायला लागली. मी ॲपवर तक्रार टाकली. दोन दिवसात माणूस आला, पोपडे खरवडले, वरून रंग मारला, फोटो काढला, तक्रार बंद. तीन आठवड्यात फुगे परत.

दुसऱ्यांदा तक्रार केली तर ऑफिसमधल्या मॅडमनी सांगितलं की हे कंडेन्सेशन आहे, तुमच्याच घरातली वाफ थंड भिंतीवर बसते, खिडक्या उघड्या ठेवा, कपडे आत वाळत घालू नका. तक्रार बंद. मी खरंच महिनाभर खिडक्या उघड्या ठेवल्या हो, रात्रीसुद्धा, मुलगी कुडकुडायची तरी ठेवल्या, आणि डाग ताटाएवढा होता तो उशीएवढा झाला.

मग मी वाचायला बसले. ती पांढरी पावडर म्हणजे क्षार असतात. पाणी भिंतीच्या आतून येताना विटा, सिमेंटमधले क्षार विरघळवून बरोबर आणतं, बाहेर आल्यावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. हवेतली वाफ भिंतीवर बसली तर काळी बुरशी धरते, पण अशी पावडर सहसा सुटत नाही. दुसरं म्हणजे फॉइलची टेस्ट, ही घरी कुणालाही करता येते. डागावरचा भाग पुसून कोरडा करायचा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेपने पक्का चिकटवायचा आणि दोन दिवस ठेवायचा. पाणी फॉइलच्या बाहेरच्या बाजूला जमलं तर ते खोलीतल्या हवेतलं, आतल्या बाजूला जमलं तर भिंतीतलं. आमची फॉइल बाहेरून कोरडी ठणठणीत आणि आतून ओलीगच्च. व्हिडिओ काढला, तिसरी तक्रार टाकली, व्हिडिओ जोडला. पाच दिवसांनी मेसेज आला, "निरीक्षण पूर्ण, तक्रार बंद." निरीक्षण कधी केलं? कुणी केलं? आमच्या घरी तर कुणी फिरकलंच नव्हतं. त्या दिवशी मी ऑफिसमध्ये जाऊन अर्धा तास बसले, मॅडम म्हणाल्या सिस्टीममध्ये बंद दिसतेय म्हणजे झालंय काम.

चौथी तक्रार बंद झाली ती "वरच्या फ्लॅटमध्ये प्रवेश मिळाला नाही" असं कारण देऊन. हे वाचून मी तडक वर गेले. वरच्या काकूंना विचारलं तर त्यांना ऑफिसमधून फोनसुद्धा आला नव्हता! मी हे पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं, वर जाऊन बोलायला. आपल्याला वाटतं वरच्यांना राग येईल, पण त्यांचंही घर भाड्याचंच, त्यांना कशाला राग येईल. बोलता बोलता काकू म्हणाल्या की मध्ये १० दिवस आम्ही गावाला होतो. मी घरी येऊन फोटोंच्या तारखा बघितल्या (दर रविवारी एकाच जागेवरून, बाजूला मोजपट्टी धरून फोटो काढत होते, हे जरूर करा) आणि त्याच १० दिवसात डाग फिका पडला होता. म्हणजे वर पाणी वापरलं की आमच्याकडे ओल.

पुढचं सगळं काकू आणि त्यांच्या मुलाच्या मदतीने केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आधी त्यांचे सगळे नळ बंद करून तासभर मीटर बघितला. काटा हलला असता तर नळाच्या पाइपात गळती, कारण त्यात पाणी कायम दाबाखाली असतं. काटा हलला नाही. मग बाथरूमच्या जाळीत रंगाचं पाणी बादलीभर हळूहळू सोडलं, जमिनीवर पसरू न देता थेट जाळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या डागाच्या वरच्या कडेला फिकट हिरवी रेघ! नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली. इतके महिने आम्हालाच खिडक्या उघडत नाही म्हणून ऐकवत होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला फार उशिरा कळलं. ॲपवरची तक्रार त्यांच्या हातात असते, ते केव्हाही बंद करतात. पण आमच्या करारात शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम होतं, लेखी नोटीस कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या ईमेलवर द्यायची ते. तो ईमेल ऑफिसचा नव्हता, कंपनीचा होता. तुमचा करार काढून हे कलम आजच शोधून ठेवा. मी त्यावर चारही तक्रारींचे नंबर, कुठली कधी उघडली कधी बंद केली, रविवारचे फोटो, फॉइलचा व्हिडिओ, हिरव्या रेघेचा फोटो असं सगळं पाठवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक सूचना काढल्यात, अशा घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वासाचे त्रास जास्त होतात असं त्यात स्पष्ट आहे, तेही जोडलं, कारण मुलीचा खोकला महिनाभर हटत नव्हता. कराराची प्रत सोबत लावली आणि लिहिलं की दुरुस्ती कुठल्या तारखेला सुरू होईल ते लेखी कळवा. चौथ्या दिवशी प्लंबर दारात.

प्लंबरदादांनी वरच्या बाथरूममधली जाळीभोवतीची फरशी फोडली, खालचा ट्रॅप (जाळीखाली बसवलेला, थोडं पाणी धरून ठेवून गटाराचा वास अडवणारा भाग) आणि पाइप यांच्यातला जोड सुटलेला होता. नवीन ट्रॅप, वॉटरप्रूफिंग, मग जाळी बंद करून २४ तास पाणी साठवून ठेवलं आणि आमच्याकडे काही येत नाही हे बघूनच फरशी परत बसवली.

ऑफिसवाले दुसऱ्याच दिवशी रंगारी पाठवायला निघाले होते, मी नाही म्हटलं. ओल्या भिंतीवर रंग मारला की पाणी आत कोंडतं आणि परत फुगे. जाड भिंत सुकायला इंचाला साधारण महिना धरतात. आम्ही दर आठवड्याला फॉइल लावून बघत राहिलो, गेल्या रविवारी पहिल्यांदा ती दोन्ही बाजूंनी कोरडी निघाली.

अजून एक राहिलंच. राहायला येताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी त्यांना मेल करा, नुसता फोनमध्ये ठेवू नका. आमचा फोनमध्येच राहिला, म्हणून फ्लॅट सोडताना भिंतीचं नुकसान आमच्या डिपॉझिटमधून कापतील ही भीती मला अजून आहे. ओल वरच्या पाइपामुळे होती हे फ्लॅटच्या रेकॉर्डला नोंदवून तसं लेखी द्या, असा मेल मी सोमवारी केलाय. रंगारी परवा येणार आहे. लेखी उत्तर हातात आल्याशिवाय मी त्याला भिंतीला हात लावू देणार नाही.