आक्काची जागा

आमच्या दिंडीत वीणेकऱ्याच्या मागं बायका चालतात. त्यांच्यात पहिल्या ओळीत उजव्या कडेला आक्काची जागा. आक्का म्हणजे माझी आत्या. गेल्या माघात ती गेली. ज्येष्ठ लागायच्या आधी भिशीच्या पैशासाठी दिंडीतून फोन आला, तेव्हा दादा म्हणाले, "ती नाही आता." पलीकडचे बुवा म्हणाले, "ठाऊक हाय. तिच्या जागी कोण येणार तेवढं सांगा." दादांचे गुडघे गेलेले, म्हणून मी निघाले.

पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यांत लांबचा. त्यात एकादशी. पोटात शेंगदाण्याचा लाडू आणि समोर दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, माणसं वर डोंगरापर्यंत. घाट सुरू झाला तशी शेजारच्या मावशींनी आपल्या डोक्यावरची तुळस माझ्या डोक्यावर ठेवली. "आक्का इथनंच घ्यायची. तिला लागायचीच."

"का?"

"तोल जायचा न्हवं का तिचा!"

मागच्या चार-पाच जणी फिस्सकन हसल्या. मग मला कळलं. आक्काचा एक स्तन काढला होता. आमच्या घरात त्याला 'बारीकसं ऑपरेशन' म्हणत, तेही आवाज खाली आणून. बाप्यांसमोर तर विषयच नाही. आणि इथं सगळ्या दिंडीला ठाऊक. पुढच्याच वर्षी ती वारीला आली आणि घाटाखाली उभी राहून म्हणाली म्हणे, "एका अंगाला कलायला लागलीय मी. तुळस द्या डोक्यावर, वरनं वजन पडलं म्हंजी सरळ चालंन." त्या रात्री राहुटीत तिनं झंपर वर करून सगळ्यांना टाके दाखवले. दोघींनी घाबरत आपापल्या गाठी सांगितल्या. आषाढी झाल्यावर आक्का स्वतः त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यांतली एक माझ्या पुढं चालत होती, टाळ वाजवत.

मला राग आला, खरं सांगते. आक्काचा नाही. वर्षानुवर्षं आम्ही जे झाकून ठेवलं, ते तिनं इथं येऊन मोकळं केलं आणि आम्हाला पत्ता नाही.

तिचं बाकीचं आयुष्य मला माहीत होतं. ऐन तिशीत नवरा गेला. दिरांनी वाटणीत माळाचा खडक दिला. "माती वाहून जाती, खडक कुठं जात न्हाई," असं म्हणून तिनं त्यावर शेळ्या पाळल्या आणि दोन्ही पोरी शिकवल्या. माहेरी चार दिवसांच्या वर राहिली नाही. वारी मात्र चुकवली नाही. सासू म्हणायची, शेळ्या कोण बघणार? ही म्हणायची, "वरीसभर मी बघती, आता वारीभर पांडुरंग बघंल."

वाल्ह्याच्या तळावर समाजआरतीला हजारो माणसं गोल करून जमली. चोपदारानं दंड उंचावून 'होऽऽ' केलं की सगळे टाळ एकदम थांबतात. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल ती वाजवत राहते, आणि चोपदार तिथं जाऊन गाऱ्हाणं ऐकतात. हैबतबाबा आरफळकरांनी 1832 साली सोहळ्याला शिस्त लावली असं सांगतात. ते आमच्या साताऱ्याकडचेच, शिंद्यांच्या पदरी सरदार होते. शिस्तीतही तक्रारीला जागा ठेवली, हे मला फार आवडलं. एका वर्षी आमच्या दिंडीचा टँकर दोन मुक्काम आलाच नव्हता. आमचे टाळ वाजत राहिले. चोपदार जवळ आले, बुवा नीट भाषेत सांगायला लागले, तेवढ्यात मागून आक्का: "माउलींनी रेड्याकडनं वेद वदवले. आमच्या टँकरवाल्याकडनं नुसतं 'येतो' एवढं वदवा म्हणावं!" चोपदारही हसले. टँकर रात्री आला.

नीरेच्या दत्तघाटावर पादुकांना स्नान झालं, पालखी आमच्या जिल्ह्यात शिरली. पुढं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण. पाय फोडांनी भरले होते. बायका सुई-दोऱ्यानं फोड फोडत आणि दोरा आत ठेवत. चालताना जनाबाईचे अभंग चालू. आक्काला तिचा तो विठ्ठलाला शिव्या देणारा सगळ्यांत आवडायचा. तो म्हणताना तिचा आवाज टाळाच्या वर जायचा, असं त्या म्हणाल्या. घरी आक्का कधी गायलीच नव्हती.

पंढरपुरात पददर्शनाची रांग कुठवर गेली होती ते दिसतच नव्हतं. आक्का त्या रांगेत कधी उभी राहिली नाही. चंद्रभागेत अंघोळ, नामदेव पायरीला डोकं, कळसाला हात, झालं. "मी आळंदीपासनं आले. दाराशी दोन पावलं त्यानं यावं."

मीही रांगेला गेले नाही. मावशींनी घाई केली, कारण साताऱ्याची जादा गाडी लागली होती आणि दाराशी झुंबड. "पिशवी टाक खिडकीतनं, आक्काच्या सीटवर!" मी टाकली. आतला एक बाप्या ओरडला, "ही जागा कुणाची?" मावशी बाहेरूनच म्हणाल्या, "आमच्या आक्काची. लई भांडकुदळ हाय, उठा आधीच!"

तो उठला.