डबा लहान झाला, पण बेसचं काय?

टीव्हीसाठी साउंडबार (स्पीकरची एकच लांब पट्टी) घेऊ की फाईव्ह पॉइंट वन (5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर), असं कोणी विचारलं की मी आधी एकच विचारतो, वूफर, म्हणजे बेसचा खोल, घुमणारा आवाज काढणारा स्पीकर, वेगळा आहे का? कारण छोट्या सिस्टिमची सगळी करामत तिथेच आहे.

1987 मध्ये बोस कंपनीने अकूस्टिमास ही सिस्टिम आणली, ओंजळीत मावतील एवढे स्पीकर आणि बेसचा डबा सोफ्यामागे लपवायचा. हे चाललं कारण साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे आपल्या कानाला नीट कळतच नाही, तिथे एक लाट सव्वाचार मीटरची असते. पण तो आवाज काढायला भरपूर हवा हलवावी लागते, म्हणून बाकी सगळं आक्रसलं तरी वूफरचा डबा काही फार लहान झाला नाही.

मग 1996 नंतर डीव्हीडी आली आणि 5.1 घराघरात पोचलं, एकाच खोक्यात प्लेअर, पाच स्पीकर, वूफर आणि वायरींचा गुंता. आपल्याकडे तर खोक्यावर पीएमपीओ, म्हणजे फुगवलेले वॉट, हजारांत छापलेला असायचा, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे खरे वॉट, बघाल तर पन्नाससुद्धा नाही! आणि मागचे दोन स्पीकर बहुतेक घरांत शेवटी पुढेच, टीव्हीच्या शेजारी जाऊन बसले, कारण सतरंजीखालून वायर न्यायला घरच्यांची परवानगी कुठली मिळायला.

या वायरींवर यामाहाने 2004-05 च्या सुमारास भारी डोकं चालवलं. वायएसपी-1 मध्ये एकाच पट्टीत 40 बारके स्पीकर आणि 2 वूफर, आवाजाचे झोत भिंतींवर आपटवून मागून ऐकू आणायचे. मला आजही ती कल्पना ग्रेट वाटते, पण तिला दोन्ही बाजूंना भिंत लागते आणि आपल्या हॉलला एकीकडे बाल्कनी नि दुसरीकडे पॅसेज, झोत गेला तो गेलाच. 2014 पासून घरात आलेल्या डॉल्बी अॅटमॉसचंही, म्हणजे डोक्यावरूनही आवाज ऐकवणाऱ्या तंत्राचंही तेच, वर तोंड केलेले स्पीकर सपाट छतावर आवाज आपटवतात, पीओपीच्या पायऱ्या-पायऱ्या काढल्या असतील तर उंचीचे पैसे फुकट.

साउंडबार खरा खपला तो टीव्ही चपटे झाल्यामुळे. स्पीकरची तोंडं खाली नाहीतर मागे गेली, डायलॉग कळेना. त्यात 2009 च्या एचडीएमआय 1.4 मध्ये एआरसी आलं, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरीतून साउंडबारकडे परत पाठवायची सोय, एक वायर लावली की झालं, आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त.

म्हणून माझं मत विचाराल तर नऊ-अकरा चॅनलच्या (आवाजाच्या वेगवेगळ्या वाटांच्या) आकड्यांना भुलू नका, आधी 3.1 बघा, म्हणजे डावा, उजवा, संवादांसाठी मधला स्पीकर आणि वूफर वेगळा. मागचे वायरलेस स्पीकर नंतर जोडता येत असतील तर उत्तमच, फक्त त्या वायरलेसलाही प्लग पॉइंट लागतो, आणि सोफ्यामागे तो बहुतेक घरांत नसतोच.