टेट्रासायक्लिन नसतानाची गळती

ट्रिपॅनोसोमा ब्रुसी या निद्रारोगाच्या परजीवीच्या रक्तातल्या अवस्थेत एक अत्यावश्यक जनुक आरएनएआयने, म्हणजे दुहेरी आरएनए वापरून, दाबायचं होतं. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक इथे बटणासारखं: ते नसताना रिप्रेसर नावाचं प्रथिन हा आरएनए बनू देत नाही, घातलं की तो बनतो. ते नसतानाही आरएनए बनला तर ती गळती. पण मोजणीत टेट्रासायक्लिन न घातलेल्या पेशीच मूळ सेल लाइनपेक्षा हळू वाढताना दिसल्या. एकाच ट्रान्सफेक्शनमधून (पेशींत डीएनए सोडण्यातून) निघालेले क्लोन, म्हणजे एकेका पेशीपासून वाढवलेले गट, पण प्रत्येकाचा वेग निराळा.

पहिला संशय सीरमवर. जनावरांना दिलेलं टेट्रासायक्लिन सीरममध्ये उतरू शकतं, आणि हा रिप्रेसर अगदी थोड्या मात्रेलाही सुटतो. गळती झाली की प्रकाश देणारं ल्युसिफरेज असलेली लाइन नेहमीच्या आणि टेट्रासायक्लिनमुक्त अशा दोन्ही सीरममध्ये वाढवली. टेट्रासायक्लिनमुक्त सीरममध्येही गळती राहिली, म्हणजे दोष रचनेत होता.

आमच्या प्लाझ्मिडमध्ये (पेशीत घातलेल्या डीएनएच्या कड्यात) दोन टी७ प्रमोटर, म्हणजे आरएनए बनणं जिथून सुरू होतं त्या जागा, समोरासमोर होते. तिथून आरएनए बनवणारं टी७ पॉलिमरेज इतकं जोरकस, की रिप्रेसर क्षणभर ढळला तरी दुहेरी आरएनए तयार होतो. शिवाय प्लाझ्मिड रायबोसोमल डीएनएमधल्या रिकाम्या पट्ट्यात बसतं. असे पट्टे अनेक गुणसूत्रांवर असतात आणि प्रत्येक जागी अभिव्यक्ती (जनुक किती चालतं ते) वेगळी. क्लोनमधल्या फरकाचं कारण माझ्या मते हेच.

म्हणून २टी१ ही तयार पेशींची लाइन घेतली. तिच्यात प्लाझ्मिडसाठी एकच ठरलेली जागा असते आणि टी७ पॉलिमरेज लागतच नाही. हेअरपिन प्लाझ्मिड (ज्यातून स्वतःवरच दुमडून दुहेरी होणारा आरएनए बनतो) एएससी-१ या डीएनए कापणाऱ्या विकराने कापून सुमारे १० मायक्रोग्रॅम डीएनए अडीच-तीन कोटी पेशींत सोडलं. सहा तासांनी दर मिलीलिटरला २.५ मायक्रोग्रॅम हायग्रोमायसिन हे पेशी मारणारं औषध घातलं. जागेवर अर्धवट असलेलं हायग्रोमायसिनला तोंड देणारं जनुक नेमक्या बसणीनेच पूर्ण होतं आणि प्युरोमायसिन या दुसऱ्या औषधाला तोंड देणारं जनुक निघून जातं. त्यामुळे प्रत्येक क्लोनचा एक भाग प्युरोमायसिनमध्ये टाकून पाहावा. मेला तर जागा बरोबर. ही चाचणी स्वस्त आहे, कुणीही वगळू नये.

आता न उद्दीपित केलेल्या पेशी मूळ लाइनच्या बरोबरीने वाढल्या. दर मिलीलिटरला १ मायक्रोग्रॅम टेट्रासायक्लिन घातल्यावर वाढ थांबली. मात्र काही दिवसांनी आरएनएआय निकामी झालेल्या पेशी डोकं वर काढतात. दडपण जितकं घातक, तितकी त्यांची निवड वेगाने होते. म्हणून क्लोन मिळताच गोठवून ठेवावेत आणि प्रत्येक प्रयोग ताज्या नळीपासून सुरू करावा. पेशी रोज दर मिलीलिटरला एक लाखावर पातळ कराव्यात, दहा लाखांपुढे जाऊ देऊ नयेत. माध्यमात ३७ अंशांवर टेट्रासायक्लिन टिकत नाही. पातळ करताना ते नव्याने घालावं, आणि साठा अंधारात ठेवावा.