पेन्सिलीतला ‘का?’

मंगळवार, रात्री पावणेबारा

शनिवारी पस्तीवाला येणार म्हणून सकाळी माळ्यावरचे खोके खाली घेतले. २०२४ च्या ऑगस्टात बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या समा भागातल्या घरात गुडघाभर चढलं, तेव्हा ह्यांनी खालच्या कपाटातलं हाताला लागेल ते वर टाकलं होतं. ते तसंच पडून होतं. त्यात माझ्या भौतिकीच्या प्रबंधाच्या वेळची तीन लाँगबुकं निघाली. दोन भिजून वाळलेली, पानं पापडासारखी कडक. तिसरं कोरडं.

उभ्या उभ्या चाळत होते आणि चौऱ्याऐंशीव्या पानावर थांबले. पानाच्या मधोमध माझ्या अक्षरात ओळ आहे, ‘डिराक सी निग्लेक्टेड’, म्हणजे डिराकचा समुद्र गणितातून वगळला. आणि समासात सरांच्या, म्हणजे माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांच्या, अक्षरात, पेन्सिलीनं, अगदी फिकं: का?

बाकी काही नाही. खूण नाही, तारीख नाही.

मी हे आधी पाहिलं होतं का, ते आठवत नाही. दिवसभर आठवायचा प्रयत्न करत्ये. सहाची बॅच घेतली, कुकर लावला, वहिनीचा फोन झाला (घराच्या वाटणीचंच, ते आज नको), आणि मधूनमधून तेच. पाहिलं असतं तर विसरले असते का? आणि पाहिलंच नसेल, तर त्यांनी लिहिलं कधी आणि मग विचारलं का नाही?

बुधवार, पहाटे साडेचार

सर समासात लिहायचे ते लाल शाईनं आणि इंग्रजीत. चेक साइन. फॅक्टर टू? रेफरन्स? या वहीतच तसले वीसेक शेरे आहेत आणि प्रत्येकाखाली माझी दुरुस्ती आहे, निळ्या पेनानं, तारखेसकट. एकही शेरा मी अंगावर ठेवला नव्हता. उणे चिन्हाच्या बाबतीत तर मी इतकी धसका घेतलेली होते, की गणिताच्या चित्रात फर्मिऑनचं, म्हणजे प्रोटॉन-इलेक्ट्रॉनसारख्या कणाचं, बंद लूप आलं की शेजारी गोल करून ‘−१’ लिहायचे, नंतर गळायला नको म्हणून.

लूपं पाहून मात्र बरं वाटलं. गेंड्याचं चार आण्याचं नाणं ठेवून काढलेली आहेत सगळी. एक वर्तुळ, त्याला आतून छेदणारी नागमोडी रेघ, रेघ जिथे वर्तुळाला टेकते तिथे दोन टपोरे ठिपके. वर्तुळ म्हणजे न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन), नागमोडी रेघ म्हणजे त्यांच्यातलं बल वाहणारा मेसॉन. हे दोन लूपांचं चित्र. रेघ नसलेलं नुसतं वर्तुळ म्हणजे एका लूपाचं. नाणं निसटून एका ठिकाणी वर्तुळ अंड्यासारखं झालंय, त्यावर मी फुली मारून परत काढलंय. चित्र वाकडं असलं तरी इंटिग्रल तेच राहतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी परत काढलं.

पेन्सिल आणि मराठी, हे दोन्ही एका वेळी का? लाल शाईतलं मला हुकूमासारखं असायचं. पेन्सिलीतलं कदाचित स्वतःशी असेल. वही वाचताना त्यांच्याच मनात आलं, हाताशी पेन्सिल होती, लिहून गेले. मग तो प्रश्न माझ्यासाठी नव्हताच. असं म्हटलं की जरा सुटल्यासारखं होतं, आणि लगेच वाटतं, नाही, वही माझी होती.

बुधवार, रात्री

आज लिहून बघते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

प्रश्न काय होता तो मला चांगला कळतो. अणुकेंद्रकातल्या द्रव्याचं, वालेका या भौतिकशास्त्रज्ञाचं १९७४ चं मॉडेल. न्यूक्लिऑन दोन मेसॉनांच्या क्षेत्रात बुडालेले. सिग्मा ओढतो, ओमेगा ढकलतो, आणि या ओढाताणीत केंद्रकीय द्रव्य एका विशिष्ट घनतेला स्थिरावतं, एका न्यूक्लिऑनमागे १६ एमईव्हीच्या (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक, वस्तुमानही त्यातच मोजतात) आसपास बंधन ऊर्जा ठेवून. सिग्माच्या क्षेत्रात न्यूक्लिऑन हलका होतो. मोकळा असताना ९३९ एमईव्ही, आत गेल्यावर त्याच्या ०.५६ पट. हे सगळं मीन फिल्डमध्ये, म्हणजे एकही लूप न घेता.

पण डिराकच्या सिद्धांतात ऋण ऊर्जेच्या पातळ्यांचा अख्खा समुद्र खाली भरलेला आहे. वरच्या न्यूक्लिऑनचं वस्तुमान बदललं तर खालच्या प्रत्येक पातळीचीही ऊर्जा बदलणार. ती बेरीज म्हणजेच नुसत्या वर्तुळाचं लूप. बेरीज अनंत येते, ती रिनॉर्मलायझेशननं, म्हणजे अनंत भाग रीतसर वजा करून, आटोक्यात आणावी लागते. चिन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये ते नीट करून दाखवलं होतं. मी वगळलं होतं. सरांनी विचारलं, का?

मला आठवतंय ते एवढंच, की त्यांच्या खोलीत, खिडकीतून आर्ट्‌सचा घुमट दिसायचा त्या खोलीत, मी एकदा म्हणाले होते, “सर, सगळेच वगळतात.” कशाबद्दल ते आठवत नाही. ते काही बोलले नाहीत. चहा घेतला. मला तेव्हा वाटलं, पटलं त्यांना.

किती उर्मट वाक्य होतं ते. तीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांवर त्याच वाक्यासाठी डाफरते. लेन्सच्या सूत्रात चिन्ह का बदललं विचारलं की मूल म्हणतं, मॅडम, गाइडमध्ये तसंच आहे, आणि मी वही परत करते. माझी वही मला कुणी परत केली नाही. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनीही तिथे बोट ठेवलं नाही. पुण्याचं पत्र आलं तेव्हा मी गेले असते तर पुढे कुणीतरी ठेवलंच असतं. जाऊ दे ते.

आणि सरांच्या शेवटच्या महिन्यात मी गेले नव्हते. त्यावर लिहीत नाही.

गुरुवार, रात्री एक

जेवणाचं टेबल पुसून घेतलं आणि बसले. धाकटीनं विचारलं, आई, पेपर तपासतेस? हो म्हटलं.

एका लूपाचं इंटिग्रल पाठ राहिलं नव्हतं, पण हात चालला. अनंत भाग काढून टाकायला चार काउंटरटर्म (अनंताला काटणारी पदं) लागतात, सिग्मा क्षेत्राच्या चौथ्या घातापर्यंत. मग उरतं ते सान्त उत्तर: प्रभावी वस्तुमानाचा चौथा घात गुणिले लॉग, आणि पुढे वजा-अधिक करत जाणारी पदं. सहगुणक आले एक, सात द्वितीयांश, तेरा तृतीयांश, पंचवीस बारांश. हे आकडे दिसले आणि मला माझ्या लग्नाआधीच्या घरातलं टेबल दिसलं, त्यावरचा मेणकापडाचा डाग दिसला. तेरा तृतीयांश मी त्या वेळी तीनदा चुकले होते.

ताळा करून पाहिला. वस्तुमानातली घट भागिले मूळ वस्तुमान, तिला क्ष म्हणायचं आणि लॉगची श्रेणी उलगडायची. क्षचं पद जातं. वर्गाचं जातं, उणे अर्धा अधिक चार म्हणजे बरोबर साडेतीन. घनाचं जातं. चौथ्या घाताचं, पाव, चार तृतीयांश, तीन आणि चार जमवून, बरोबर पंचवीस बारांशाला जातं. पहिलं शिल्लक राहतं ते पाचव्या घाताचं, पाचानं भागलेलं. इतकं स्वच्छ. त्या क्षणी टेबलावर मी एकटी होते आणि मला कुणाला तरी दाखवायचं होतं. हे झोपले होते.

मग आकडा घातला. माझ्या प्रबंधातलाच. ०.५६, म्हणजे क्ष ०.४४. एका घनफर्मीत (फर्मी म्हणजे केंद्रकाच्या मापाचं लांबीचं एकक) ९ एमईव्हीच्या थोडं वर. माझ्या घनतेनं भागलं, ०.१९३ नं. एका न्यूक्लिऑनमागे ४७.

सत्तेचाळीस! जिथे सगळी बंधन ऊर्जाच १६, तिथे मी ‘निग्लेक्टेड’ लिहून बाजूला टाकलं ते त्याच्या तिप्पट.

पाणी प्यायले. परत केलं. सत्तेचाळीसच.

सरांनी हे तोंडी केलं असणार. पाचवा घात, पाचानं भागून, त्यांना कागद लागला नसता. म्हणजे त्यांनी ‘का?’ लिहिलं तेव्हा त्यांच्या डोक्यात हा आकडा होता. आणि तरी पेन्सिलीनं लिहिलं.

शुक्रवार, दुपार

आज सकाळी अगाशीत कपडे वाळत घालताना थोडं निवळलं. सत्तेचाळीस हा आकडा तसाच धरून बसणं बरोबर नाही. लूप आत घेतलं की कपलिंग, म्हणजे बलांची ताकद ठरवणारे आकडे, पुन्हा बसवावी लागतात, कारण घनता आणि बंधन ऊर्जा तीच यायला हवी. पुन्हा बसवलं की न्यूक्लिऑन तितका हलका होत नाही, प्रभावी वस्तुमान ०.७ च्या वर राहतं, आणि पाचवा घात असल्यामुळे ते सत्तेचाळीस चार-पाचावर येतात. पण मग दुसरंच बिघडतं. वस्तुमान इतकं वर राहिलं की केंद्रकातल्या पातळ्यांमधली स्पिन-ऑर्बिट फूट (न्यूक्लिऑनच्या फिरकीमुळे एका पातळीच्या दोन होतात, त्यांतलं अंतर) खऱ्यापेक्षा फार लहान येते. समुद्र वगळला तर ती चांगली जुळते. म्हणून सगळे वगळत होते. ‘सगळेच वगळतात’ यामागे एवढं खरं कारण होतं आणि मला ते सांगता आलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं. आकडे जुळत होते, मी खूश होते.

बरं, एक लूप घेऊन थांबता येतं का? ते तर मला तेव्हाही टोचलं होतं. फर्नस्टाल, पेरी आणि सेरॉट यांचा १९८९ चा दोन लूपांचा निबंध मी लायब्ररीत उभ्यानं वाचला होता. माझं तेच नाण्याचं चित्र, आतल्या नागमोडी रेघेसकट. त्यांनी त्याचे तीन तुकडे केले होते: दोन्हीकडे भरलेले न्यूक्लिऑन, एकीकडे न्यूक्लिऑन आणि एकीकडे समुद्र, दोन्हीकडे समुद्र. आणि दुरुस्ती इतकी प्रचंड आली की लूपांची पायरी चढत गेलं तर उत्तर जवळ येईल ही आशाच संपली. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ते चालतं. श्विंगरनं १९४८ मध्ये एका चित्रातून इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वातली जादा भर, ०.००११६, काढली, मग दोन लूपांना ७ चित्रं, तिसऱ्याला ७२, चौथ्याला ८९१, पाचव्याला १२,६७२, आणि दर पायरीला उत्तर अधिक बारीक होत गेलं, कारण तिथे कपलिंग १/१३७ आहे. आमच्याकडे तोच आकडा सिग्मासाठी सातच्या वर आणि ओमेगासाठी जवळपास अकरा. अकराच्या घातांची श्रेणी कुठे आटोपणार!

आणि त्या आटोपणाऱ्या श्रेणीतही दोन लूपांचं पहिलं उत्तर चुकलेलं होतं. कार्प्लस आणि क्रोल, १९५०. चूक सापडली १९५७ मध्ये. हे मला सरांनीच सांगितलं होतं, पहिल्या वर्षी, मी एका चिन्हापायी रडकुंडीला आले होते तेव्हा.

शुक्रवार, रात्री

पटेल असं उत्तर मला वाचायला मिळालं ते फार नंतर, धाकटीच्या वेळी घरी होते तेव्हा. फर्नस्टाल आणि सेरॉटनीच टँगबरोबर १९९७ मध्ये ते मांडलं. प्रोटॉन-न्यूट्रॉन हे काही बिंदू नव्हेत, त्यामुळे त्यांच्या समुद्राची बेरीज तळापर्यंत करत जाणं या सिद्धांताच्या आवाक्यातलंच नाही. तो खालचा भाग वगळलेला नसतो. आपण जे स्थिरांक खऱ्या केंद्रकांवरून बसवतो, त्यांत तो आधीच आलेला असतो. पुढे २००२ मध्ये म्युनिककडच्या कायझर, फ्रिट्‌श आणि वाइझे यांनी पायॉन (सगळ्यात हलका मेसॉन) घेऊन तीन लूपांपर्यंत केंद्रकीय द्रव्याचं गणित केलं आणि घनतेवरून ठरणारा फर्मी संवेग हीच लहान राशी धरली. तिथे लूपं पुन्हा कामाची झाली.

मी प्रबंध दिला १९९४ मध्ये. म्हणजे सरांनी पेन्सिल उचलली तेव्हा हे उत्तर असं छापून आलेलं नव्हतं. त्यांनाही ठाऊक नसणार. आज संध्याकाळपासून मी हेच घोळवत्ये. त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी लाल शाईनं लिहिलं असतं, रेफरन्स देऊन, इंग्रजीत. ठाऊक नव्हतं म्हणून पेन्सिल. म्हणून मराठी. मी शिष्या म्हणून नव्हे, शेजारी बसून तोच पेच बघणारी कुणी म्हणून त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी तेवढी मोठी झालेली नव्हते.

असं मला वाटतं. खात्री करायला आता कुणी नाही.

बांधलेली प्रत कपाटातून काढली. ती ओळ त्यात आहे, शब्द न शब्द तशीच. पहिल्या पानावर सरांची सही आहे.

दोन भिजलेली लाँगबुकं पस्तीत गेली तरी चालतील, त्यांत वाचण्यासारखं राहिलेलं नाही. तिसरं माझ्या उशाशी आहे. पुठ्ठ्याच्या आत पाकीट चिकटवलेलं होतं, त्यात ते नाणंही सापडलं.

०.७ च्या वर हे मी वाचलेलं आहे, स्वतः काढलेलं नाही. त्याला समीकरण पुन्हा पुन्हा फिरवून सोडवावं लागेल, हातानं नाही व्हायचं. उद्या सहाची बॅच आटोपली की धाकटीचा लॅपटॉप मागते. फोरट्रान तिला येत नाही, पण ती म्हणते पायथनमध्ये दहा ओळींचं काम आहे.