गॅमा ०.६३

जुलैतला शनिवार. कळव्यापुढे रुळांवर पाणी, त्यामुळे पाचातली दोनच पोरं ठाण्याच्या कॉलेजात पोचली. तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. ईएसओ ३२५-जी००४ या दीर्घिकेच्या फार मागे दुसरी एक दीर्घिका आहे. तिचा प्रकाश वाकून पुढच्या दीर्घिकेभोवती कडं दिसतं. हबल या अवकाश दुर्बिणीच्या फुकट मिळणाऱ्या फोटोवर ते मोजायचं.

का? तर ताऱ्यांच्या वेगावरून दीर्घिकेचं वस्तुमान काढता येतं, पण प्रकाशाच्या मानाने तारे गोगलगायी. वस्तुमानाने काळ आणि अवकाश दोन्ही वाकतात; ताऱ्यांना कळतं ते फक्त काळाचं वाकणं. प्रकाशाला काळाचं कळतं आणि अवकाशाचंही, आणि तो किती वाकला ते कड्याच्या आकारावरून दिसतं. या दोन वाकण्यांचं गुणोत्तर म्हणजे गॅमा. आइन्स्टाइनच्या हिशेबात ते नेमकं १. गुरुत्वाकर्षणाच्या काही पर्यायी सिद्धान्तांत तसं असेलच असं नाही. खगोलशास्त्रज्ञ थॉमस कॉलेट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली याच दीर्घिकेवरून ०.९७ काढलं होतं, ०.०९ इकडेतिकडे. आम्ही ताऱ्यांचा वेग छापील घेतला, कडं तेवढं स्वतः मोजलं.

आमचं उत्तर ०.६३.

“मॅडम, आइन्स्टाइन गेला!” पोरगा ओरडला. मी त्याला दटावलं. खोटं कशाला सांगू, छातीत माझ्याही धडधडलं होतं.

मग अंतरं तपासली, सूत्र तपासलं, दोनदा चहा झाला. पोरगी गप्पच होती. तिने फोटोतल्या दोन अंधुक दीर्घिका धरल्या, त्यांच्यातलं अंतर कॅटलॉगवरून काढलं आणि आमच्या मापाशी ताडून पाहिलं. आमचं २० टक्के कमी! हबलच्या एका कॅमेऱ्याचा पिक्सेल ०.०४ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), दुसऱ्याचा ०.०५. फोटो दुसऱ्याचा होता, आकडा पहिल्याचा. आणि तो आकडा माझ्याच गेल्या वर्षीच्या शीटमधून आलेला.

दुरुस्ती केली. १.०४. पोरगा टाळ्या पिटायला लागला.

“मॅडम,” ती म्हणाली, “पहिल्याच फटक्यात १ आलं असतं, तर हे कोणी तपासलं असतं?”

“नसतं तपासलं.”

तिने छापील वेगाच्या आकड्याभोवती पेनने गोल केला. “मग हा?”

बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मी पंखा वाढवला आणि पुन्हा खुर्ची ओढली.